आकाशातले पहारेकरी

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात किंवा गच्चीवर अंथरूण टाकून तुम्ही कधी आकाश निरखले आहे काय? दिवस मावळून तासभर झालेला असतो. एकेक चांदणी उगवत असते. अशा वेळी एखादी चांदणी जागेवर न थांबता संथपणे सरकताना दिसते. विमानाच्या दिव्यासारखी ती उघडझाप करीत नाही. उल्केसारखी क्षणात विझूनही जात नाही. चार-पाच मिनिटांत ती आकाशाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे निघून जाते. कधी कधी तर वाटेतच एकाएकी दिसेनाशी होते.

ही चांदणी नव्हे. तो माणसाने सोडलेला कृत्रिम उपग्रह असतो. त्याच्यावर आपल्याला दिसावा असा दिवा नसतो. मग तो चमकतो कसा? संध्याकाळी पायथ्याच्या गावात अंधार पडला, तरी डोंगराच्या माथ्यावर ऊन रेंगाळत असते, हे तुम्ही पाहिले असेल. उपग्रह तर डोंगराहून कितीतरी उंच, शेकडो किलोमीटर वर असतो. आपला सूर्य मावळला तरी त्याचा मावळलेला नसतो. ते ऊन त्याच्या अंगावर पडते आणि तो आपल्याला दिसतो. वाटेत तो पृथ्वीच्या सावलीत शिरला, की विझल्यासारखा नाहीसा होतो.

हे कळले म्हणजे मनात दोन प्रश्न उभे राहतात. त्याला पंख नाहीत, वर धरून ठेवणारी दोरी नाही, मग तो खाली का पडत नाही? आणि इतक्या उंचावर राहून तो आपले कोणते काम करतो? चला, एकेका प्रश्नाचे उत्तर शोधू.

पडतो, पण आपटत नाही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तुम्हांला नवल वाटेल. उपग्रह सतत पडतच असतो!

उंच कड्यावर उभे राहून तुम्ही हातातला चेंडू नुसता सोडून दिला, अशी कल्पना करा. पहिल्या एका सेकंदात तो सुमारे ५ मीटर खाली जाईल. आता तोच चेंडू सरळ समोर फेका. तो पुढेही जाईल आणि खालीही जाईल. जोराने फेकला तर आणखी लांब जाऊन पडेल. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तो पुढे कितीही वेगाने जात असला, तरी पहिल्या सेकंदात खाली मात्र तेवढाच, म्हणजे ५ मीटरच येतो.

आता पृथ्वी गोल आहे, हे आठवा. आपण अगदी सरळ रेषेत ८ किलोमीटर पुढे गेलो, तर गोलाईमुळे खालची जमीन सुमारे ५ मीटर खोल गेलेली असते. मग चेंडू सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने फेकला तर काय होईल? एका सेकंदात चेंडू ५ मीटर खाली येईल आणि तेवढ्यात जमीनही ५ मीटर खाली वळलेली असेल. चेंडू जमिनीपासून होता तेवढाच उंच राहील! पुढच्या सेकंदातही तेच, त्याच्या पुढच्या सेकंदातही तेच. चेंडू पडत राहील, पण जमीन त्याला कधी गाठू देणार नाही. असा चेंडू म्हणजेच उपग्रह. थोर शास्त्रज्ञ न्यूटन याने सतराव्या शतकातच हा विचार मांडला होता. तो प्रत्यक्षात आला ४ ऑक्टोबर १९५७ रोजी. त्या दिवशी सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ नावाचा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला.

सेकंदाला ८ किलोमीटर म्हणजे केवढा वेग! या वेगाने मुंबईहून निघालो तर दीड मिनिटात नागपूर येईल. पण जमिनीलगत इतक्या वेगाने जाऊ लागलेली वस्तू हवेच्या घर्षणाने तापून जळून जाईल. म्हणून उपग्रहाला आधी दाट हवेच्या वर न्यावे लागते आणि मग आडवा वेग द्यावा लागतो. अग्निबाणाचे खरे कष्ट नुसते उंच चढण्यात नाहीत, तर हा आडवा वेग देण्यात आहेत. त्यासाठी पृथ्वीचीही थोडी मदत घेता येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथील आपला अग्निबाणतळ तिच्याबरोबर सेकंदाला सुमारे ४५० मीटर या वेगाने पूर्वेकडे जातच असतो. तेथून पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणाला एवढा वेग फुकटच मिळतो.

‘वर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून उपग्रह पडत नाही,’ असे पुष्कळजण समजतात. ते खरे नाही. ४०० किलोमीटर उंचीवरदेखील पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे नऊ-दशांश इतकी असते. ती नसती, तर दोरी सुटलेल्या गोफणीतल्या दगडासारखा उपग्रह सरळ निघून गेला असता. पृथ्वीची ओढ हीच त्याची गोफण होय.

जवळचा पहारा आणि लांबचा पहारा

उपग्रह जितका उंच, तितकी पृथ्वीची ओढ कमी आणि तितका त्याचा वेगही कमी. शिवाय त्याची प्रदक्षिणा मोठी होते. साहजिकच फेरीला वेळ जास्त लागतो. ४०० किलोमीटर उंचीवर असलेले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारते. आपला चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. त्याला एका फेरीला २७ दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. चंद्र निसर्गाने दिलेला आणि स्थानक माणसाने केलेले, पण नियम दोघांनाही एकच.

या नियमाचा उपयोग करून शास्त्रज्ञ कामाप्रमाणे उंची निवडतात. त्यांतल्या दोन उंची आपण पाहू.

पहिली, जवळच्या पहाऱ्याची. येथे उपग्रह काही शेकडो किलोमीटर उंचीवरून उत्तर-दक्षिण फिरतात आणि दोन्ही ध्रुवांजवळून जातात. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेला आपला ‘आयआरएस-१ ए’ हा दूरसंवेदन उपग्रह सुमारे ९०० किलोमीटर उंचीवर होता आणि १०३ मिनिटांत एक फेरी पुरी करीत असे. तो एक फेरी मारीपर्यंत खाली पृथ्वी स्वतःभोवती थोडी फिरलेली असायची. त्यामुळे पुढच्या फेरीत त्याच्याखाली नवा प्रदेश येई. चेंडूवर दोरा गुंडाळत जावा तसा तो साऱ्या पृथ्वीवर आपल्या वाटांचा दोरा गुंडाळत असे आणि २२ दिवसांनी पुन्हा पहिल्या वाटेवर येई. अशा उपग्रहांना जमीन जवळून दिसते. पिके, जंगले, तलाव, पूर, वणवे यांची बारीक पाहणी ते करतात. पण एकाच ठिकाणाकडे त्यांना टक लावून बसता येत नाही.

दुसरी उंची लांबच्या पहाऱ्याची. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रहाला एका फेरीला लागणारा वेळ पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच असतो. दोघेही पश्चिमेकडून पूर्वेकडे, सारख्याच गतीने फिरतात. तुम्ही फुगडी घालता ना? फुगडीत सारे जग गरगर फिरते, पण समोरच्या मैत्रिणीचा चेहरा मात्र तुमच्यासमोरून हलत नाही. पृथ्वी आणि असा उपग्रह यांची कायमची फुगडी चाललेली असते. म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा असतो. त्याला ‘भूस्थिर’ उपग्रह म्हणतात. असे तीन उपग्रह समान अंतरावर ठेवले, तर ध्रुवांजवळचा भाग सोडून बहुतेक साऱ्या पृथ्वीवर संदेश पोचवता येतील, असे आर्थर क्लार्क या लेखकाने १९४५ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा एकही उपग्रह आकाशात गेलेला नव्हता!

उपग्रहाच्या पोटात

उपग्रहाला जेवण लागते ते विजेचे. त्याच्या दोन्ही बाजूंना किंवा एका बाजूला पसरलेले पंख उडण्यासाठी नसून उन्हापासून वीज करण्यासाठी असतात. पृथ्वीच्या सावलीत गेल्यावर तो आपल्या बॅटरीतली साठवलेली वीज वापरतो. ऊन लागलेली बाजू फार तापते आणि सावलीतली बाजू फार गारठते. म्हणून त्याला सोनेरी चकचकीत पातळ पत्र्यांच्या अनेक थरांची दुलई घातलेली असते.

संदेश पोचवणारे यंत्र हा त्याचा कान आणि तोंड. जमिनीवरून आलेली बिनतारी लहर ३६,००० किलोमीटर चालून पोचेपर्यंत फार क्षीण झालेली असते. हे यंत्र ती झेलते, तिची शक्ती वाढवते, तिची कंपनसंख्या बदलते आणि पुन्हा खाली पाठवते. कंपनसंख्या का बदलायची? आपण स्वतः मोठ्याने बोलत असताना दुसऱ्याची कुजबूज ऐकू येत नाही, म्हणून! या जाण्यायेण्याला सुमारे पाव सेकंद लागतो.

याशिवाय थोडे इंधनही असते. सूर्य-चंद्राच्या ओढीने उपग्रह जागेवरून सरकू लागला, की लहानशा झोताने त्याला परत जागेवर आणतात. हे इंधन संपत आले की त्याची नोकरी संपली. मग दुसऱ्यासाठी जागा मोकळी करावी म्हणून भूस्थिर उपग्रहाला शेवटच्या थेंबांवर आणखी वर ढकलून देतात.

अंधारातही पाहणारा डोळा

हवामान पाहणाऱ्या उपग्रहाचा डोळा तर फारच गमतीचा. आईने कपड्यांना इस्त्री करून ठेवली, की ती तापलेली आहे हे दिसत नाही. पण जवळ हात नेला की कळते. इस्त्रीतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. थोड्याफार प्रमाणात प्रत्येक वस्तूतून ते बाहेर पडतात. ढगांतून, समुद्रातून, तुमच्या-आमच्या अंगातूनही. वस्तू गरम असेल तर जास्त आणि थंड असेल तर कमी.

उपग्रह हे किरण मोजतो. त्यामुळे त्याला रात्रीच्या काळोखातही ढग दिसतात. एवढेच नव्हे, तर ते किती उंच आहेत हेही समजते. उंच गेलेल्या ढगाचा माथा फार थंड असतो. मोठ्या वादळात तो शून्याखाली ७० अंश सेल्सिअसपेक्षाही थंड होतो. भूस्थिर उपग्रह दर अर्ध्या तासाने असे एक चित्र पाठवतो. ही चित्रे ओळीने लावली, की ढग कुठून कुठे चालले आहेत ते कळते. चक्रीवादळात ढगांच्या पट्ट्या चकलीसारख्या वळत जातात. त्या जितक्या घट्ट वळलेल्या, तितके वादळ जोरदार. मधोमध स्वच्छ ‘डोळा’ दिसू लागला, की समजावे, धोका मोठा आहे.

चार वादळांची गोष्ट

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. उपग्रहाचा माणसांना उपयोग काय? तो पाहायला आपल्याला समुद्रकाठी जावे लागेल.

१९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशातील कृष्णा नदीच्या मुखाशी असलेल्या दिविसीमा भागावर मोठे चक्रीवादळ आले. समुद्राचे पाणी भिंतीसारखे आत घुसले. सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. त्या वेळी भारताचा स्वतःचा हवामान-उपग्रह नव्हता. परदेशी उपग्रहांची चित्रे मिळत, पण दिवसातून मोजक्याच वेळा. आणि समजलेला धोका किनाऱ्यावरच्या झोपडीपर्यंत पोचवणार कसा?

त्याच सुमारास आपल्याकडे उपग्रहांचे काम शिकण्याची धडपड चालू होती. १९ एप्रिल १९७५ रोजी ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वर्षभर एका अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यात आले. १९८१ साली ‘ॲपल’ हा संदेशवहनाचा प्रायोगिक उपग्रह तयार झाला. त्याच्या एका चाचणीसाठी भोवती धातूचे सामान नको होते, म्हणून तो चक्क लाकडी बैलगाडीवर ठेवला होता! १९८२ साली सोडलेला ‘इन्सॅट-१ ए’ काही महिन्यांतच निकामी झाला. पण कोणी हिंमत सोडली नाही. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१ बी’ अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून वर गेला आणि कामाला लागला.

या उपग्रहाचे वैशिष्ट्य असे, की ढग पाहणे, दूरध्वनी जोडणे आणि दूरचित्रवाणी पोचवणे ही तिन्ही कामे तो एकटाच करी. त्यामुळे एक नवी सोय झाली. किनाऱ्यावरच्या निवडक ठिकाणी उपग्रहाशी जोडलेली ध्वनिक्षेपक यंत्रे बसवण्यात आली. वादळ दिसले, की हवामानखात्याने मद्रासहून सूचना बोलावी आणि ज्या भागाला धोका असेल तेवढ्याच गावांतली यंत्रे वाजावीत. जो वादळ पाहतो, तोच हाक मारतो!

मग सारे संकट टळले का? नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले. आपल्या उपग्रहांनी ते पाहिले होते. हवामानखात्याने इशाराही दिला होता. तरीही सुमारे दहा हजार माणसे दगावली. कारण इशारा मिळूनही पळायचे कुठे? किनाऱ्यावर पक्के निवारे फारच थोडे होते. कित्येकांना धोका किती मोठा आहे याची कल्पना आली नाही. डोळा होता, पण हातपाय कमी पडले.

त्यानंतर ओडिशाने मनावर घेतले. किनाऱ्यावर उंच खांबांवर पक्के निवारे बांधले. त्यांतल्या अनेकांत एरवी शाळा भरते. गावोगावी स्वयंसेवक तयार केले. कोणी म्हाताऱ्यांना उचलायचे, कोणी नावा ओढून बांधायच्या, हे ठरवून त्याचा सराव केला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलीन’ हे अत्यंत तीव्र वादळ धडकले. २००२ साली सोडलेला ‘कल्पना-१’ आणि इतर उपग्रह त्याच्यावर अनेक दिवस नजर ठेवून होते. या वेळी ओडिशा आणि आंध्रमधील दहा लाखांच्या आसपास माणसे वेळेवर हलवण्यात आली. घरे पडली, पिके गेली, पण मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला.

आपल्या महाराष्ट्रालाही असा दिवस पाहावा लागला. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले. ते येत आहे हे आधी कळले होते. मच्छीमारांना परत बोलावले होते. किनाऱ्यावरची हजारो माणसे सुरक्षित जागी नेली होती. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची आणि शाळांची छपरे उडाली, कित्येक गावांची वीज अनेक दिवस गेली. एवढे होऊनही जीवितहानी बोटांवर मोजण्याइतकीच झाली.

या चार वादळांवरून काय दिसते? उपग्रह वादळ थांबवत नाही. तो पोफळीची बाग वाचवू शकत नाही. तो आपल्याला फक्त वेळ देतो; दोन दिवस, तीन दिवस. त्या वेळाचे काय करायचे, हे जमिनीवरच्या माणसांनी ठरवायचे असते. उपग्रह सोडणारे शास्त्रज्ञ, चित्रे वाचणारे हवामानतज्ज्ञ, रस्त्याने भोंगा घेऊन फिरणारा कर्मचारी आणि शेजारच्या आजीचा हात धरून तिला निवाऱ्यात नेणारा मुलगा ही सारी एकाच साखळीची कडी आहेत. एक कडी तुटली, की साखळी तुटली.

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘इन्सॅट-३ डीएस’ हा हवामान-उपग्रह आपल्याच अग्निबाणाने वर गेला. पहाऱ्यावरचे शिपाई बदलत असतात, पहारा चालू राहतो.

करून पाहा

तुमच्या गल्लीतल्या घरांवर दूरचित्रवाणीच्या डिश असतील. एक होकायंत्र घ्या आणि त्या कोणत्या दिशेला तोंड करून आहेत याची नोंद करा. महाराष्ट्रात त्या बहुधा पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या दिशेला वळलेल्या आढळतील. का बरे? भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे. आपण वापरतो ते बहुतेक उपग्रह आपल्या पूर्वेकडच्या रेखांशांवर ठेवलेले आहेत. आठवड्याने पुन्हा पाहा. सरकत्या चांदणीसारखा हा उपग्रह पळत असता, तर डिशलाही त्याच्यामागे वळत राहावे लागले असते. ती मात्र होती तिथेच असेल, कारण तिच्यासमोरचा उपग्रहही जागचा हललेला नसेल!

आणि रात्री गच्चीवर एखादी चांदणी संथपणे सरकताना दिसली, तर तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. ती क्षणोक्षणी पडत आहे आणि पडता पडता पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत आहे.